फॉरमॅट शिळा कोण करतं?

प्रश्न असा आहे: प्रेक्षकांची आवड बदलत चालली आहे, तर रिअॅलिटी शोंनी आपले फॉरमॅट तिच्यामागोमाग बदलत न्यावेत का? की ज्या साच्यावर शो उभा राहिला, तो साचा जपावा?

मी या धंद्यात वीसेक वर्षं आहे. सुरुवात लॉगिंगपासून केली, म्हणजे रात्रभर कानाला हेडफोन लावून कोण कुणाशी काय बोललं याची वेळेसकट नोंद करत बसायचं. पुढे स्टोरी टीम, मग कास्टिंग, आणि आता बराचसा वेळ फॉरमॅटच्या कामात जातो. या एका प्रश्नावरच्या किती बैठकांत बसलो असेन, मोजदाद नाही. म्हणून उत्तर आधीच देतो. फॉरमॅट बदलावेत, पण प्रेक्षकांच्या मागे धावून नव्हे. कारण फॉरमॅट शिळा होतो तो बहुतेक वेळा प्रेक्षकांमुळे नाही, स्पर्धकांमुळे. स्पर्धक खेळ शिकतात. प्रेक्षकांना कंटाळा येतो तो त्यानंतर, आणि आपण त्या कंटाळ्याला ‘लोकांची आवड बदलली’ असं नाव देऊन मोकळे होतो.

सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण घेऊ. ब्रिटिश निर्माते चार्ली पार्सन्स यांच्या कल्पनेवरून १९९७ मध्ये स्वीडनमध्ये ‘एक्स्पेडिशन रॉबिन्सन’ सुरू झालं. तेच ३१ मे २००० रोजी अमेरिकेत ‘सर्व्हायव्हर’ म्हणून आलं. १६ माणसं, ३९ दिवस, एक बेट, आणि जिंकणाऱ्याला १० लाख डॉलर. दर काही दिवसांनी सगळ्यांनी मतं द्यायची आणि आपल्यातल्या एकाला बाहेर काढायचं. त्या पहिल्या सीझनमध्ये बहुतेकांचा समज असा, की आपण जगण्याच्या कसोटीला आलो आहोत. आग पेटवा, मासे पकडा, जो राबेल तो टिकेल. रिचर्ड हॅच या स्पर्धकाला मात्र फार लवकर कळलं, की हा मतांचा खेळ आहे. त्याने चौघांचा गट बांधला आणि तो गट एकेकाला उडवत गेला. तेव्हा इतरांचं काय चाललं होतं? एक डॉक्टर कुणाला वाईट वाटू नये म्हणून चक्क नावांच्या वर्णक्रमाने मतं देत होता. आज ऐकून हसू येतं. तेव्हा लोक हॅचवर मनापासून चिडले होते, आणि शेवटचा भाग बघायला ५ कोटींहून जास्त अमेरिकन टीव्हीसमोर बसले.

आता दुसऱ्या सीझनला आलेल्या माणसाचा विचार करा. त्याने पहिला सीझन पाहिलेला आहे. गट बांधावा लागतो हे त्याला पहिल्या दिवशीच माहीत आहे. पाचव्या सीझनपर्यंत प्रत्येक जण गट बांधूनच खेळतो आहे, आणि दहाव्यापर्यंत गटात मोठेपणा मिरवणारा आधी उडतो म्हणून सगळे मुद्दाम मागे मागे राहतात. जे हॅचने केलं तेव्हा अंगावर काटा आला, तेच आता हिशेबाची बेरीज-वजाबाकी होऊन बसलं. संख्येने मोठा गट जिंकणार हे घरी बसलेल्यालाही आधीच कळायला लागलं. म्हणून २००५ च्या अकराव्या सीझनमध्ये लपवलेली मूर्ती आली. ती ज्याला सापडेल त्याला एकदा स्वतःचा बचाव करता येतो. ‘प्रेक्षकांना काहीतरी नवीन हवं’ एवढंच या बदलाचं कारण मला कधी पटलं नाही. बहुमत म्हणजे खात्री, हे स्पर्धकांनी पाठ केलेलं गणित मोडायचं होतं. मूर्तीने ते मोडलं. सात विरुद्ध तीन असले तरी सातजणांच्या पोटात गोळा यायला लागला.

फॉरमॅटमधला चांगला बदल मी असा ओळखतो. तो स्पर्धकाची पाठांतराची वही निरुपयोगी करतो. प्रेक्षकाला त्याचा आनंद मिळतो, पण बाण दुसरीकडे मारलेला असतो.

मग प्रेक्षकाला विचारायचंच नाही का? विचारावं, पण काय विचारतो त्याचं भान हवं. ‘बिग ब्रदर’ १६ सप्टेंबर १९९९ रोजी नेदरलँड्समध्ये सुरू झालं. जॉन डी मोल आणि त्यांच्या एंडेमॉल कंपनीचं ते काम. घरात माणसं कोंडायची, चोवीस तास कॅमेरे, आणि बाहेर कोण जाणार हे प्रेक्षक ठरवणार. युरोपात हे तुफान चाललं. २००० साली अमेरिकेत याच नियमांनी पहिला सीझन केला आणि तो पडला. प्रेक्षकांनी मतं कुणाविरुद्ध दिली? भांडणाऱ्या, खुपणाऱ्या, डोक्यात जाणाऱ्या माणसांविरुद्ध. एकेक काटा त्यांनी निगुतीने काढला, आणि शेवटी घरात उरली सगळी सालस माणसं. सालस माणसं शेजारी म्हणून उत्तम असतात, पण रात्री नऊ वाजता त्यांना बघायला कोणी बसत नाही. पुढच्या वर्षी अमेरिकन टीमने कणाच बदलला. बाहेर कोण जाणार हे घरातल्यांनीच ठरवायचं, आणि दर आठवड्याला घराचा एक प्रमुख निवडायचा, तो नावं पुढे करणार. प्रेक्षकांच्या हातातलं सगळ्यात मोठं शस्त्र काढून घेतलं, आणि शो आजवर चालू आहे. ब्रिटनमध्ये मात्र जनमताचाच नियम राहिला आणि तिथे तो वर्षानुवर्षं चालला, कारण तिथल्या टीमने कास्टिंग आणि एडिट त्या नियमाला धरून बांधलं. एकच घर, एकच कल्पना, दोन वेगळे कणे. दोन्हीकडे फॉरमॅट ‘जुळवून’ घेतला, पण लोकांनी मागितलं ते देऊन नाही.

लोकांना जे आवडत नाही आणि लोक ज्यासाठी टीव्ही लावतात, या दोन गोष्टी पुष्कळदा एकच असतात. हे मी कटू होऊन सांगत नाही. मी स्वतःही तसाच प्रेक्षक आहे.

इथे संशोधनाच्या बैठकांबद्दल थोडं. दर सीझननंतर दोन प्रकारची माहिती टेबलावर येते. पहिली, निवडक प्रेक्षकांना खोलीत बसवून विचारलेली मतं. त्यात सगळे सांगतात, भांडणं नकोत, खरी माणसं दाखवा, कला दाखवा. दुसरी, मिनिटागणिक प्रेक्षकसंख्येचा आलेख. त्यात भांडण सुरू झालं की रेषा वर चढते. बैठकीत कोणीतरी हमखास हसून म्हणतं, ‘बघा, लोक खोटं बोलतात.’ सुरुवातीची काही वर्षं मीही मान डोलवली. मग एका घरात कोंडायच्या शोवर, तिसऱ्या की चौथ्या सीझनला, एक साधी गोष्ट लक्षात आली. तो आलेख फक्त त्या दिवशी शो लावलेल्यांचा असतो. भांडणांना कंटाळून जो गेल्याच महिन्यात निघून गेला, तो त्या रेषेत नाहीच. म्हणजे प्रत्येक भांडणाला रेषा वर जात राहते आणि रेषेचा पायाच दर सीझनला खाली खाली सरकतो. उरलेले लोक भांडणप्रेमी असतात, म्हणून आलेख भांडण मागतो. आपण ते देतो, आणखी थोडे जातात. खोलीतले लोक खोटं बोलत नव्हते. ते जाण्याआधीचा निरोप देत होते. तो सीझन संपल्यावर मी हे मांडलं, तेव्हा वाहिनीच्या माणसाने विचारलं, ‘मग भांडणं कमी केली तर गेलेले परत येतील याची खात्री देता?’ खात्री कसली देणार? गेलेला प्रेक्षक परत आणणं हे नवा मिळवण्याहून अवघड. आम्ही भांडणं कमी केली नाहीत. दोन सीझननंतर शो बंद झाला.

त्याच शोच्या कास्टिंगमध्ये शिळेपणा कसा दिसतो ते डोळ्यांनी पाहिलं. पहिल्या सीझनच्या मुलाखतीत माणसं अडखळायची, ‘मला का घेताय तुम्ही?’ असं विचारायची. एका बाईंनी मुलाखत अर्ध्यात थांबवून विचारलं, घरात रात्री दिवे बंद करतात ना? त्यांची चिंता झोपेची होती. तिसऱ्या सीझनपर्यंत प्रत्येक जण दारातून येतानाच ओळख घेऊन यायचा: ‘मी तोंडावर बोलणारा माणूस आहे’, ‘मी इथे मैत्री करायला आलेली नाही’, ‘माझा प्रवास फार मोठा आहे’. ही वाक्यं त्यांची नव्हती. आमचीच होती. आम्हीच आधीच्या सीझनमध्ये ती प्रोमोत वाजवली होती. आमच्या टीममधल्या एका मुलीने भिंतीवर कागद चिकटवून या वाक्यांसमोर रेघा मारायला सुरुवात केली. दुपारपर्यंत कागद भरला. तेव्हा चहा पिताना कुणी म्हणालं, की आपण माणसं निवडत नाही आहोत, आपल्याच जुन्या एपिसोडचे पडसाद निवडतो आहोत.

हा आजार ओळखला की बऱ्याच गोष्टींची संगती लागते. ब्रिटनचं ‘लव्ह आयलंड’ घ्या. आधी २००५ आणि २००६ मध्ये प्रसिद्ध चेहऱ्यांना घेऊन दोन सीझन झाले आणि गुंडाळलं गेलं. २०१५ मध्ये सामान्य तरुण मुलामुलींना घेऊन ते परत आलं आणि जोरात चाललं. चाललं म्हणूनच बिघडायला लागलं. बेटावरून बाहेर आलेल्यांना समाजमाध्यमांवर लाखो फॉलोअर आणि कपड्यांच्या जाहिराती मिळतात हे जगजाहीर झालं, आणि पुढचे लोक प्रेमासाठी नव्हे तर त्या जाहिरातींसाठी येऊ लागले, अशी शंका प्रत्येक मिठीवर घेतली जाऊ लागली. २०२३ पासून निर्मात्यांनी नियम केला, की स्पर्धक आत असेपर्यंत त्यांची समाजमाध्यमांवरची खाती बंद ठेवायची. घरच्यांनीही त्यांच्या नावाने काही टाकायचं नाही. कारण मानसिक स्वास्थ्याचं दिलं होतं आणि ते खरंच महत्त्वाचं आहे. पण धंद्याच्या नजरेतून मला त्यात दुसराही फायदा दिसतो. आत बसून बाहेरचं दुकान चालवायची सोय त्याने थोडी तरी कमी झाली.

याउलट मला सगळ्यात हुशार वाटतो तो ‘द ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ’चा बांधा. २०१० पासून चालू आहे. पहिल्या सीझनमध्ये त्यांचा तंबू दर भागाला नव्या गावी जायचा. पुढच्या सीझनपासून तो एकाच जागी ठोकला. २०१७ मध्ये शो बीबीसीवरून चॅनल ४ वर गेला. अधूनमधून येणाऱ्या इतिहासाच्या छोट्या चित्रफितीही काळाच्या ओघात गेल्या. म्हणजे यांचे मोठे बदल हे वजाबाकीचे. तीन फेऱ्यांचा कणा मात्र जिथल्या तिथे. पहिल्या आणि तिसऱ्या फेरीचा पदार्थ स्पर्धक घरी सराव करून येतात. मधल्या, ‘टेक्निकल’ फेरीत काय करायचं हे तिथे पोचल्यावरच कळतं, आणि हातात मिळते ती अर्धीमुर्धी कृती. ‘बेक करा’ असं लिहिलेलं असतं, किती वेळ ते नसतं. ही फेरी पाठ करून येताच येत नाही. दहा सीझन तोंडपाठ असलेला माणूसही ओव्हनसमोर गुडघ्यावर बसून काचेतून आत बघत राहतो, आणि त्या क्षणी त्याला कॅमेऱ्याचं भान नसतं. बक्षीसही रोख रकमेचं नाही. केक ठेवायचं कोरीव स्टँड मिळतं. त्यामुळे डावपेच करून एखाद्याला पाडावं असं कुणाला वाटतच नाही. लोक म्हणतात हा शो ‘प्रेमळ’ आहे. तो प्रेमळपणा माणसांच्या स्वभावातून येतो तितकाच नियमांतून येतो.

प्रेमळपणाचा विषय निघाला आहे तर मान्य करतो, की एका बाबतीत आवड खरोखरच बदलली. अपमानाची. २००१ चं ‘पॉप आयडॉल’, २००२ चं ‘अमेरिकन आयडॉल’ या शोंच्या सुरुवातीच्या भागांत बेसूर गाणाऱ्यांना मुद्दाम पुढे पाठवलं जायचं आणि परीक्षक त्यांची हजेरी घ्यायचे. लोक पोट धरून हसायचे. आज तेच फुटेज दाखवलं तर खोलीत अस्वस्थ शांतता पसरते, मी पाहिली आहे. २००९ चं ‘मास्टरशेफ ऑस्ट्रेलिया’ हा वाऱ्याची दिशा दाखवणारा शो. परीक्षक चव घेऊन डोळे मिटतात, हरलेल्याला मिठी मारतात, आणि तरीही स्पर्धा पातळ होत नाही. २०१० मध्ये जॉन डी मोल यांनीच ‘द व्हॉइस’ आणलं. परीक्षक गायकाकडे पाठ करून बसतात, नुसता आवाज ऐकून खुर्ची वळवतात. तिथे गायकाची टर उडवायची जागाच नाही. उलट परीक्षकच गायकाची मनधरणी करतो. परीक्षकाचा पवित्रा असा उलटा करणं हा कण्याचा बदल होता, म्हणून तो टिकला. ज्यांनी नुसतं परीक्षकाला ‘जरा गोड बोला’ सांगितलं, त्यांचे शो गुळमट झाले, बाकी काही नाही.

पण नीती आणि आवड यांची गल्लत करू नका, ही माझी मोठी तक्रार आहे. स्वीडनच्या त्या १९९७ च्या पहिल्याच सीझनमध्ये सर्वांत आधी बाहेर पडलेल्या स्पर्धकाने शो प्रसारित होण्याआधी आत्महत्या केली होती. म्हणजे हा प्रश्न या प्रकाराच्या जन्मापासून दारात उभा आहे. २००७ च्या ‘सेलिब्रिटी बिग ब्रदर’मध्ये शिल्पा शेट्टीला दिलेल्या वागणुकीवरून ब्रिटनच्या ऑफकॉम या नियामक संस्थेकडे ४४ हजारांहून जास्त तक्रारी गेल्या आणि प्रायोजकाने काढता पाय घेतला. त्या आठवड्यात शो बघणारे घटले नव्हते, वाढले होते. आवडीचाच कौल घ्यायचा तर ‘चालू द्या’ असा निघाला असता. स्पर्धकांच्या काळजीचे ऑफकॉमचे नवे नियम एप्रिल २०२१ मध्ये लागू झाले, तेही प्रेक्षकसंख्या बघून नव्हे. आमच्या सेटवर मानसोपचारतज्ज्ञ आता कास्टिंगपासून असतो आणि त्याचा नकार हा नकारच असतो. हे ‘प्रेक्षकांना आता संवेदनशील कंटेंट हवा’ म्हणून करत असाल, तर ज्या दिवशी त्यांना तो नको होईल त्या दिवशी तुम्ही ते बंद कराल.

काही फॉरमॅट तर असे, की जुळवून घेणं शक्यच नाही. ‘द बिगेस्ट लूजर’ २००४ मध्ये सुरू झालं. दर आठवड्याला वजनकाट्यावर उभं राहायचं, ज्याचं वजन कमी घटलं तो जाण्याच्या धोक्यात. २०१६ मध्ये एका सीझनच्या १४ स्पर्धकांचा सहा वर्षांनंतरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. १३ जणांचं वजन पुन्हा वाढलेलं, आणि शरीर विश्रांतीत खर्च करते ती ऊर्जा अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरीने कमी. २०२० मध्ये शो परत आणला. भाषा बदलली, आरोग्य, संतुलन, मन असे शब्द आले. काटा मात्र तिथेच होता, कारण काट्याशिवाय त्या शोत काही घडतच नाही. एक सीझन होऊन थांबला. कणाच चुकीचा असेल तर वरचे कपडे बदलून भागत नाही, आणि कणा बदलला तर तो दुसरा शो होतो. मग त्याला दुसरं नाव द्या.

उलट टोकाची चूक म्हणजे ट्विस्टांची महागाई. ही मी स्वतः केली आहे. एका गाण्याच्या स्पर्धेत आकडे जरा घसरले तसे आम्ही बाहेर गेलेल्यांना परत आणलं. आकडे चढले. पुढच्या सीझनला दोनदा आणलं. त्याच्या पुढच्या सीझनला एका आठवड्यात दोघांना काढलं, मग कुणालाच काढलं नाही, मग परीक्षकांना एकाला वाचवायचा अधिकार दिला. शेवटी असं झालं, की निरोपाच्या भागात कोणी रडेनाच. ज्याचं नाव पुकारलं ती मुलगी स्टेजवरून उतरताना शांतपणे विचारती झाली, ‘परत कधी यायचं?’ ती गंमत करत नव्हती. एलिमिनेशनला काही किंमतच उरली नव्हती, आणि ती आम्हीच घालवली होती. त्या मुलीने फॉरमॅट आमच्यापेक्षा नीट वाचला होता. ब्रिटनच्या ‘द एक्स फॅक्टर’चंही मला असंच वाटतं. ऑडिशन आधी खोलीत, मग २००९ पासून हजारोंच्या समोर, मग २०१३ मध्ये खोली परत. दर वेळी डेकोरेशन नवीन, आणि आत येणारा गायक तसाच सराईत, तीच घरची करुण कहाणी, शेवटच्या कडव्याला तोच चढा सूर. नियमित सीझन २०१८ ला संपले.

एपिसोडची लांबी, क्लिप, मोबाइलवर बघणं, एका रात्रीत सगळे भाग टाकणं यांवर फार बोललं जातं. मला ते तितकं महत्त्वाचं वाटत नाही. तो वितरणाचा भाग आहे आणि त्यात नक्कीच जुळवून घ्यावं, फार विचार न करता. ‘सर्व्हायव्हर’ २०२१ मध्ये ३९ दिवसांवरून २६ दिवसांवर आलं, ते महासाथीतल्या विलगीकरणात दिवस गेले म्हणून, आणि नंतर तसंच राहिलं. जग बुडालं नाही.

‘द ट्रेटर्स’कडे मात्र सावकाश बघा. नेदरलँड्समध्ये २०२१ मध्ये सुरू झालं, २०२२ मध्ये बीबीसीवर आलं आणि मग सगळीकडे पसरलं. मूळ खेळ नवा नाही. १९८६ च्या सुमारास मॉस्कोतल्या दिमित्री डेविडॉफ या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने रचलेला ‘माफिया’ हा बैठा खेळच तो. काही जण छुपे मारेकरी, बाकीच्यांनी त्यांना ओळखायचं. मारेकरी कोण हे प्रेक्षकाला पहिल्या भागापासून माहीत असतं. आता स्पर्धकाने आधीचे सीझन पाहिले म्हणून त्याला काय मिळणार? मागचे फितूर कसे वागले ते कळलं, पण या वेळी टेबलापलीकडे बसलेली निवृत्त बाई खोटं बोलते आहे की नुसती घाबरली आहे, हे कुठलाच जुना एपिसोड सांगत नाही. उलट जो फार अभ्यास करून येतो त्याचाच संशय आधी येतो. पाठांतराची शिक्षा नियमातच बसवलेली आहे. नट येवोत, वकील येवोत, खोटं बोलायची सवय असलेले येवोत, शो त्यांना पचवतो. याच कारणाने हिंदीतलं ‘बिग बॉस’ २००६ पासून बहुतांश ओळखीच्या चेहऱ्यांवर कसं चालू शकलं तेही कळतं. तिथे मुखवटा आहे हे सगळ्यांना मान्यच असतं. प्रेक्षक तो कधी घसरतो याची वाट बघत बसतो.

आणि प्रेक्षकांना सामील करून घ्यायचंच असेल, तर ‘सर्व्हायव्हर’ने पन्नासाव्या सीझनआधी केलं ते बघण्यासारखं आहे. मूर्ती असाव्यात की नाही अशा काही गोष्टींवर त्यांनी चाहत्यांचं मतदान घेतलं. बाहेर कोणाला काढायचं हे मात्र स्पर्धकांकडेच ठेवलं. २००० साली अमेरिकन ‘बिग ब्रदर’ला जो धडा मिळाला होता, तो विसरलेले दिसत नाहीत.

तुमच्याकडे प्रत्यक्ष एखादा शो असेल, तर माझा क्रम असा असतो. आकडे पडले की आधी कास्टिंगकडे बघतो, नियमांकडे नाही. मग एडिटकडे: आपण स्पर्धकांना कुठली वाक्यं शिकवतो आहोत? ती वाक्यं दोन सीझन प्रोमोत वापरायचीच नाहीत. एवढ्यावर अर्धं काम होतं, आणि खर्च जवळपास नसतो. नंतर एकच नियम बदलायचा, तोही असा, की जिथे स्पर्धक सगळ्यात निवांत असतो तिथे. एका सीझनला दोन नियम बदलले तर कशाने काय झालं हे कधीच कळत नाही, आणि पुढच्या बैठकीत ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं होतं. परदेशी फॉरमॅट असेल तर त्याचं ‘बायबल’, म्हणजे शो कसा करायचा याची सविस्तर नियमपुस्तिका, असतं आणि हक्क असलेल्या कंपनीची परवानगी लागते. आपले लोक त्यावर कुरकुरतात. मला ती अडवणूक पुष्कळदा उपकारक वाटली आहे. तीन देशांत आपटलेली कल्पना चौथ्या देशात करू नका हे सांगणारं कोणीतरी असतं.

कास्टिंगच्या शेवटी मी अजूनही एक प्रश्न विचारतो: ‘गेल्या सीझनमध्ये तुम्ही असता, तर शेवटच्या आठवड्यात काय केलं असतं?’ उत्तर प्रश्न संपायच्या आधीच सुरू झालं, की कागदावर छोटी फुली मारतो. परवा एका माणसाने बराच वेळ छताकडे बघितलं आणि म्हणाला, ‘सर, खरं सांगू? शेवटचा आठवडा मी बघितलाच नाही. कंटाळा आला होता.’ त्याला आम्ही घेतलं.